दोन ॲरेवर एकाच वेळी लूप: हर्णैच्या लिलावाच्या वहीवरून

हर्णै बंदरावर लिलाव आटोपला की हिशेबाच्या वहीत तीन रकाने भरलेले असतात: मासा, वजन, दर. माणसाची नजर वहीवर आडवी फिरते, त्यामुळे सुरमईसमोरचं वजन आणि दर सुरमईचेच, हे वेगळं सांगावं लागत नाही. हीच वही प्रोग्रामात घेतली की तीन सुटे ॲरे, म्हणजे क्रमाने लावलेल्या याद्या, होतात. पहिल्या ॲरेतल्या तिसऱ्या नावाचा दुसऱ्या ॲरेतल्या तिसऱ्या आकड्याशी काही संबंध आहे, हे कॉम्प्युटरला ठाऊक नसतं. तो संबंध फक्त क्रमांकाचा असतो आणि तो आपणच जपायचा असतो. या लेखातल्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

रापण ओढताना पाहिली असेल, तर कल्पना लगेच बसेल. जाळ्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन घोळक्यांच्या हातात असतात आणि दोघांनी सारख्या गतीने ओढायचं असतं. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. दोन ॲरेंवर लूप चालवतानाही, म्हणजे एकेक वस्तू घेऊन तेच काम पुन्हा पुन्हा करतानाही, दोन्हीकडे एकाच वेळी एकेक पाऊल पुढे पडायला हवं.

उदाहरणं पायथनमध्ये आहेत. इथे कोड वाचायला सोपा जावा म्हणून सगळं देवनागरीत लिहिलंय, पण टाइप करताना फॉर, इन, झिप, प्रिंट, लेन, रेंज यांसारखे पायथनचे ठरलेले शब्द इंग्रजी छोट्या लिपीत टाइप करायचे. ट्रू आणि नन यांचं पहिलं अक्षर मोठं, व्हॅल्यूएररमधले व्ही आणि ई मोठे. आकडेही इंग्रजीच. प्रोग्रामात थेट १२ असं मराठी आकड्यांत लिहिलंत, तर पायथन ते अक्षर चालत नाही म्हणून सिंटॅक्स एरर देतो. 'मासे', 'दर' अशी व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत चालतात.

वही प्रोग्रामात उतरवणं

```
मासे = ["सुरमई", "पापलेट", "बांगडा", "कोळंबी"]
किलो = [१२, ५, ४०, ८]
दर = [७००, ११००, १८०, ४५०]
```

दर उदाहरणापुरते आहेत. बंदरावर ते रोज बदलतात. पायथनमध्ये या चौकटी कंसातल्या रचनेला लिस्ट म्हणतात, बाकी बहुतेक भाषांत ॲरे. आपल्या कामापुरता दोन्हींत फरक नाही.

पुढे जाण्याआधी कागदावर उत्तर काढून ठेवा. ८४००, ५५००, ७२०० आणि ३६००, एकूण २४,७०० रुपये. खरं उत्तर हाताशी असलं की कोणत्या चुकीने कोणता आकडा येतो ते लगेच कळतं, आणि इथे ते फार उपयोगी पडणार आहे.

सगळ्यात जास्त होणारी चूक: लूपच्या पोटात लूप

दोन ॲरे आहेत म्हणजे दोन लूप हवेत, असं नवशिक्याला वाटणं अगदी साहजिक आहे. मग तो असं लिहितो:

```
एकूण = ०
फॉर वजन इन किलो:
    फॉर भाव इन दर:
        एकूण += वजन * भाव
प्रिंट(एकूण)
```

उत्तर येतं १,५७,९५०. एरर नाही, तक्रार नाही. झालं असं की बाहेरच्या लूपने सुरमईचं १२ किलो वजन उचललं आणि आतल्या लूपने त्याला चारही दर लावले. मग पापलेटचं वजन घेऊन पुन्हा चारही दर. म्हणजे चार ओळींच्या जागी सोळा ओळींचा हिशेब झाला. ६५ किलोंच्या बेरजेला २४३० या दरांच्या बेरजेने गुणलं की नेमका हाच आकडा मिळतो.

लूपच्या पोटातला लूप 'प्रत्येकाची प्रत्येकाशी' गाठ घालून देतो. प्रत्येक बंदराहून प्रत्येक बाजारपेठेचं अंतर काढायचं असेल तेव्हा तेच हवं असतं. आपल्याला 'पहिल्याची पहिल्याशी, दुसऱ्याची दुसऱ्याशी' गाठ हवी, आणि त्याला एकच लूप लागतो. शंका आली तर लूपच्या आत एक प्रिंट टाका आणि ओळी मोजा. चार हव्यात तिथे सोळा आल्या की दुखणं सापडलं.

क्रमांकाने चालणं

जवळजवळ सगळ्या भाषांत चालणारा रस्ता म्हणजे क्रमांक फिरवायचा आणि त्याच क्रमांकाने प्रत्येक ॲरेतून वस्तू काढायची:

```
एकूण = ०
फॉर क्र इन रेंज(लेन(मासे)):
    रक्कम = किलो[क्र] * दर[क्र]
    प्रिंट(मासे[क्र], रक्कम)
    एकूण += रक्कम
```

क्रमांक शून्यापासून सुरू होतात. चार वस्तू असतील तर ०, १, २, ३. लेन(मासे) वस्तू किती ते सांगतं, इथे ४, आणि रेंज(४) नेमके हेच चार क्रमांक देतं, म्हणून लेनला एक मिळवायला जाऊ नका. मिळवलात, तर चार ओळी नीट छापून झाल्यावर पाचव्या फेरीत इंडेक्स एरर येईल. एक मासा वगळला जात असेल, तर बहुधा रेंज १ पासून सुरू केलेली असते.

ही पद्धत कुठे हवीच? त्याच ॲरेतली किंमत बदलायची असते तिथे. सगळे दर दहा रुपयांनी वाढवायचे असतील आणि तुम्ही 'फॉर भाव इन दर' लिहून आत भाव += १० केलंत, तर दर जसेच्या तसे राहतात, कारण 'भाव' हे फक्त हातात घेतलेलं नाव आहे. दर[क्र] += १० असं लिहिलं तरच ॲरेत फरक पडतो.

झिप

फक्त वाचायचं असेल तेव्हा पायथनमध्ये झिप वापरा. बॅगेची चेन ओढताना डाव्या बाजूचा एक दात आणि उजव्या बाजूचा एक दात गुंतत जातो, तसं हे काम चालतं.

```
एकूण = ०
फॉर मासा, वजन, भाव इन झिप(मासे, किलो, दर):
    प्रिंट(मासा, वजन * भाव)
    एकूण += वजन * भाव
```

एकूण २४,७००. क्रमांक नाही, चौकटी कंस नाहीत, एका घराने चुकायला जागाच नाही. दोनच नाही, तीन-चार ॲरेही एकत्र जातात. फक्त डावीकडे तितकीच नावं लिहायची आणि त्यांचा क्रम पाळायचा. वजन आणि भाव यांची अदलाबदल झाली, तर गुणाकार तोच येईल आणि चूक लपून राहील. छापील पावतीत मात्र ७०० किलो सुरमई दिसेल.

अनुक्रमांकही छापायचा असेल तर झिपला एन्युमरेटमध्ये गुंडाळा:

```
फॉर नं, (मासा, वजन, भाव) इन एन्युमरेट(झिप(मासे, किलो, दर), स्टार्ट=१):
```

आतला गोल कंस विसरायचा नाही. एन्युमरेट दरवेळी दोनच गोष्टी देतो, एक आकडा आणि एक जुडगा. कंस गाळला तर चार हवे होते, दोन मिळाले, अशा अर्थाचा व्हॅल्यू एरर येतो.

पायथन ३ मधला झिप एकदाच वापरून संपतो, हेही लक्षात असू द्या. जोड्या = झिप(मासे, दर) करून तुम्ही आधी नुसतं बघण्यासाठी प्रिंट(लिस्ट(जोड्या)) केलंत आणि खाली त्याच जोड्यांवर लूप चालवला, तर लूप एकदाही फिरणार नाही. तपासणीसाठी टाकलेल्या प्रिंटनेच माल उचललेला असतो. पुन्हा लागणार असेल तर सुरुवातीलाच जोड्या = लिस्ट(झिप(मासे, दर)) करून ठेवा.

लांबी जुळत नाही तेव्हा

यावर जरा थांबावं लागेल, कारण खऱ्या वहीत रकाने सारखे भरलेले क्वचितच असतात.

झिप सगळ्यात आखूड ॲरेपाशी गुपचूप थांबतो. कोळंबीचा दर लिहायचा राहिला आणि दर मध्ये तीनच आकडे असले, तर तीन ओळी छापल्या जातात आणि एकूण येतं २१,१००. कोळंबी हिशेबातून गेली. ही चूक निदान दिसते तरी, शेवटचं नाव छापलं गेलेलं नसतं.

याहून वाईट म्हणजे मधला आकडा गळणं. समजा पापलेटचा दर राहिला:

```
दर = [७००, १८०, ४५०]
```

आता सुरमईचे ८४०० बरोबर. पापलेटला बांगड्याचा दर लागला, ९००. बांगड्याला कोळंबीचा दर लागला, १८,०००. कोळंबी गायब. एकूण २७,३००, म्हणजे खऱ्या रकमेपेक्षा जास्त. एक नोंद कमी असून बेरीज वाढली, म्हणून नुसत्या एकूण आकड्याकडे पाहून कुणालाही संशय येणार नाही.

महिन्यांच्या हिशेबात कोकणात हे हटकून होतं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. महिन्यांची यादी बारांची आणि पकडीची यादी दहांची, कारण बंद महिन्यांत लिहायला काही नव्हतं. दोन्ही झिपमध्ये घातल्या की मे पर्यंत ठीक चालतं, मग जूनसमोर ऑगस्टची पकड येते, जुलैसमोर सप्टेंबरची, आणि नोव्हेंबर-डिसेंबर ही नावंच गळतात. भर बंदीत मासळी सापडल्याचा तक्ता तयार.

उपाय दोन, आणि दोन्ही करा.

पहिला: मोकळी जागा मोकळी म्हणून नोंदवा. यादीत जून आणि जुलैच्या जागी नन घाला, म्हणजे पुढचे महिने सरकत नाहीत. शून्य घालू नका. शून्य म्हणजे होडी गेली आणि रिकामी आली; नन म्हणजे होडी गेलीच नाही. सरासरी काढताना या दोन्हींत मोठा फरक पडतो. लूपच्या आत नन आहे का ते तपासून ती फेरी सोडून द्यायची.

दुसरा: झिपला गप्प बसू देऊ नका. पायथन ३.१० पासून त्यासाठी सोय आहे:

```
फॉर मासा, वजन, भाव इन झिप(मासे, किलो, दर, स्ट्रिक्ट=ट्रू):
```

लांबी जुळली नाही की व्हॅल्यू एरर येतो आणि कितवा ॲरे आखूड आहे तेही तो सांगतो. पण हा एरर आखूड ॲरे संपल्यावर येतो, सुरुवातीला नाही. तोवर तीन ओळी छापून झालेल्या असतात, तीन पावत्या फाइलमध्ये गेलेल्या असतात. म्हणून लूप काही लिहून ठेवत असेल किंवा पैसे वळते करत असेल, तर लूपच्या आधीच लांबी तपासा:

```
इफ नॉट (लेन(मासे) == लेन(किलो) == लेन(दर)):
    रेझ व्हॅल्यूएरर("रकाने जुळत नाहीत")
```

कॉलेजच्या लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर ३.१० च्या आधीची आवृत्ती असेल, तर स्ट्रिक्ट लिहिल्यावर टाइप एरर येतो. तिथे वरची दोन ओळींची तपासणीच करा.

आणखी एक साधन पायथनच्या इटरटूल्स या तयार संग्रहात मिळतं, झिप_लाँगेस्ट. ते लांब ॲरे संपेपर्यंत चालतं आणि कमी पडेल तिथे नन, किंवा तुम्ही सांगाल ती किंमत भरतं. भरती कायम शेवटी होते, हे मात्र ध्यानात ठेवा. वरच्या पापलेटच्या उदाहरणात शून्य भरायला सांगितलंत तरी एकूण २७,३०० च येईल, कारण गळती मध्ये आहे आणि भर शेवटी पडली. गळती कुठे झाली हे कोणतंही तयार फंक्शन ओळखू शकत नाही.

क्रम हलला की

लांबी सारखी असूनही जोड्या चुकू शकतात. स्वस्त मासे आधी दिसावेत म्हणून कुणी दर.सॉर्ट() केलं, तर दरांचा क्रम १८०, ४५०, ७००, ११०० झाला आणि मासे जागच्या जागी राहिले. सुरमई १८० रुपये किलो, बांगडा ७००, एकूण ४१,२१०. स्ट्रिक्ट इथे काहीही बोलणार नाही, कारण चार आणि चार जुळतात.

आधी जोड्या करा, मग त्या जोड्यांचा क्रम लावा:

```
फॉर भाव, मासा, वजन इन सॉर्टेड(झिप(दर, मासे, किलो)):
```

ज्यावर क्रम लावायचा तो ॲरे पहिला ठेवला, म्हणून वेगळं काही सांगावं लागलं नाही. दर सारखे निघाले तर पायथन पुढच्या नावावरून क्रम ठरवतो. दर = दर.सॉर्ट() मात्र लिहू नका. सॉर्ट जागच्या जागी काम करतो आणि परत नन देतो, मग पुढच्या झिपमध्ये टाइप एरर येतो. एका ॲरेतून डेल किंवा पॉपने काही काढलं, तर तोच क्रमांक बाकीच्या ॲरेंतूनही काढावा लागतो. लूप चालू असताना तर काढूच नका, पुढची वस्तू एक घर मागे सरकते आणि तिची पाळी चुकते.

खरं तर यादी एका हाताने आणि दर दुसऱ्या हाताने लिहिले जात असतील, तर क्रमांकावर विसंबणंच सोडा आणि नावाने शोधा. डिक्शनरी त्यासाठीच आहे:

```
दरपत्रक = डिक्ट(झिप(मासे, दर))
फॉर मासा, वजन इन झिप(मासे, किलो):
    प्रिंट(मासा, वजन * दरपत्रक[मासा])
```

इथे दरपत्रक झिपने केलंय, पण प्रत्यक्षात ते वेगळ्या फाइलमधून, कोणत्याही क्रमाने आलं तरी चालतं. नाव सापडलं नाही तर 'की एरर' नावाचा एरर येतो, चुकीचा दर लागत नाही. 'पापलेट' मागे एखादी स्पेस राहिली की तेच नाव वेगळं ठरतं, म्हणून नावं आत घेतानाच स्ट्रिप करून, म्हणजे कडेच्या स्पेस काढून, घ्या. आणि यादीत बांगडा दोनदा आला असेल, सकाळच्या दराने आणि संध्याकाळच्या, तर डिक्शनरीत शेवटचाच दर उरतो. तसं असेल तर डिक्शनरी नको, जोड्यांची लिस्टच ठेवा.

एकाच यादीतले शेजारी

कोकण रेल्वेची स्थानकं घ्या: खेड, चिपळूण, संगमेश्वर रोड, रत्नागिरी, राजापूर रोड, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी रोड. 'खेड ते चिपळूण', 'चिपळूण ते संगमेश्वर रोड' असे टप्पे पाडायचे आहेत. दुसरा ॲरे नाहीच, पण पहिलाच एक घर सरकवून घेतला की काम होतं:

```
फॉर इथून, तिथे इन झिप(स्थानकं, स्थानकं[१:]):
    प्रिंट(इथून, "ते", तिथे)
```

आठ स्थानकांचे सात टप्पे. इथे एक ॲरे मुद्दाम आखूड आहे आणि झिपने थांबावं हीच अपेक्षा आहे, म्हणून स्ट्रिक्ट लावायचं नाही. हेच क्रमांकाने करताना स्थानकं[क्र - १] असं लिहाल, तर पहिल्या फेरीत क्रमांक -१ होतो आणि पायथनमध्ये -१ म्हणजे शेवटची वस्तू. एरर न येता 'सावंतवाडी रोड ते खेड' असा टप्पा सगळ्यात वर छापला जातो. क्रमांक १ पासून सुरू करा.

कधी कधी दुसऱ्या ॲरेची गरजच नसते. कोकणपट्टीत भरतीची ढोबळ वेळ तिथीची पाऊणपट करून काढतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. आता तिथींचा एक ॲरे आणि वेळांचा दुसरा असे दोन जपत बसलात, तर एकात केलेली दुरुस्ती दुसऱ्यात विसरली जाणार. तिथींचा एकच ॲरे ठेवा आणि वेळ लूपच्या आत तिथी * ३ / ४ अशी काढा.

दुसऱ्या भाषांत जाताना

नाव तेच असलं तरी वागणूक बदलते. रस्ट आणि कॉटलिनचा झिप पायथनसारखाच आखूडपाशी थांबतो. रूबीचा झिप ज्या ॲरेवर बोलावला त्याची लांबी धरतो आणि कमी पडेल तिथे निल, म्हणजे रिकामी किंमत, भरतो. पीएचपीच्या अरे_मॅपला दोन ॲरे दिले तर तो लांब ॲरेपर्यंत जातो. सी++ मध्ये झिप सी++२३ या मानकापासून आहे.

जावास्क्रिप्टमध्ये क्रमांकाचा लूप किंवा फॉरईच वापरा. फॉरईच वस्तूसोबत क्रमांकही देतो. दुसरा ॲरे आखूड असला तर एरर येत नाही, अनडिफाइंड, म्हणजे किंमतच नाही, असं मिळतं, गुणाकार नॅन ('आकडाच नाही') होतो आणि बेरजेत एकदा नॅन शिरला की शेवटपर्यंत नॅनच राहतो. फॉर-इन लूप टाळा, कारण तो क्रमांक मजकूर म्हणून देतो आणि त्यात १ मिळवलात तर "०" चा "०१" होतो. जावामध्ये लांबीबाहेर गेल्यावर प्रोग्राम एरर देऊन थांबतो. सी मात्र थांबवत नाही, शेजारच्या मेमरीतलं जे काही असेल ते वाचतो. फंक्शनला ॲरे पाठवल्यावर साइझऑफने त्याची लांबी कळत नाही, म्हणून लांबी वेगळी पाठवायची.

मराठी मजकुरामुळे अडतं तिथे

झिपला लिस्टऐवजी चुकून नुसतं "सुरमई" दिलं तर तो तक्रार करत नाही, अक्षरं सुटी करतो. आणि ती आपण मोजतो तशी चार नसतात. स, उकार, र, म, ई असे पाच तुकडे होतात, कारण काना-मात्रा-वेलांटी-उकार ही पायथनच्या लेखी वेगळी अक्षरं. छापलेल्या ओळींत एकटा उकार लोंबकळताना दिसला की समजा, चौकटी कंस राहिलाय.

फाइलमधून आलेलं "१२" हे मराठी आकड्यांतलं वजन मजकुराचा पूर्णांक करणारा पायथनचा इंट नीट वाचतो आणि १२ देतो. "१२.५" हे दशांश संख्या करणाऱ्या फ्लोटला चालतं. जावास्क्रिप्टचा नंबर मात्र त्याच मजकुराला नॅन म्हणतो.

व्हेरिएबलचं नाव 'साऱ्या_जोड्या' असं ठेवलंत आणि न दिसणाऱ्या अक्षराबद्दल एरर आला, तर दोष 'ऱ्या' मध्ये शोधा. काही कीबोर्ड तो अर्धा र लिहिताना मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात, आणि ते पायथनला नावात चालत नाही. कितीही वेळा पाहिलं तरी डोळ्यांना ते दिसणार नाही, म्हणून शोधत बसू नका. नाव 'सर्व_जोड्या' करा आणि पुढे चला.